वरून आलेला कागद

वर्षाराणी लग्नानंतर तीन वर्षांनी पुण्याहून गेवराईला परत आली, ती एक सूटकेस आणि एक कॉम्प्युटर घेऊन. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या छबुबाईंनी भिंतीवरून विचारलं, "जावईबापू न्हाई आले का, गुरुजी?"

तिचे वडील शिवशरण गुरुजी, हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, पटकन बोलून गेले, "कंपनीच्या कामानं दुबईला गेलेत."

जिन्यात उभ्या असलेल्या वर्षाराणीनं ते ऐकलं. त्या दिवसापासून ती आपलं ताट घेऊन वरच्या खोलीत जाऊ लागली.

दीड वर्ष असंच गेलं. गुरुजींची बायको आधीच वारली होती. घरात दोन माणसं, आणि दोघांच्यात बोलणं काय, तर "दूध आलंय" आणि "गॅस संपत आलाय". वर ती कॉम्प्युटरवर काही शिकत बसायची. खाली गुरुजी त्यांच्या कॉम्प्युटरवर दहावीच्या सराव प्रश्नपत्रिका टाइप करायचे.

एका सकाळी ती दारात येऊन उभी राहिली. "अप्पा, मला काही कागद छापायचेत. प्रिंटर तुमच्याकडं. माझ्या फाइली फ्लॉपीवर आणल्या तर तुमच्या मशीनवर धड उघडत नाहीत. दोन्ही वायरनं जोडून घेऊ का?"

इतकं लांबलचक ती कित्येक महिन्यांत बोलली नव्हती. तिनं काहीही मागितलं असतं तरी गुरुजी हो म्हणाले असते.

दुपारी इसाक आला. गुरुजींचा जुना विद्यार्थी. स्टँडजवळ टीव्ही दुरुस्त करायचा, हल्ली कॉम्प्युटरही उघडायचा. त्यानं दोन्ही मशीनमध्ये जोडणीचं कार्ड बसवलं, खिडकीतून वायर खाली सोडली. तरी एकाला दुसरं दिसेना.

"खाली विंडोज, वर लिनक्स. त्यामुळं आसंल," गुरुजी म्हणाले.

"त्ये नंतरचं, गुरुजी. माझीच चूक हाय. दोनच मशीन, मधी जोडणारा डबा, हब, न्हाई. मग वायर उलटी मारावी लागती. हिकडची बोलायची तार तिकडच्या ऐकायच्या तारेला गेली पाहिजे." त्यानं वायरचं एक टोक कापलं आणि तारांची अदलाबदल करून नवी पिन दाबून बसवली.

मग वर्षाराणी जिन्यावरून सांगू लागली आणि गुरुजी खाली टाइप करू लागले.

"मशीनच्या पत्त्याचा शेवटचा आकडा दोन टाका, अप्पा."

"टाकला."

"ग्रुपचं नाव दोन्हीकडं एकच लागतं. काय देऊ?"

गुरुजींनी क्षणभर विचार केला. "तलवाडा दे." त्यांची पहिली नोकरी तिथली. वर्षाराणी तिथंच जन्मली होती. वरून हसल्यासारखा आवाज आला.

चार वाजता प्रिंटर खरखरला आणि वरून पाठवलेलं पान खाली छापून आलं. इसाक खूश होऊन गेला. घर पुन्हा गप्प झालं. आता सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

चौथ्या दिवशी दोन पानं प्रिंटरमधून जमिनीवर पडली. गुरुजींनी उचलली. एक बंगलोरच्या कंपनीला नोकरीचा अर्ज होता. वैवाहिक स्थिती: घटस्फोटित. दुसरं वकिलाला पत्र होतं, कोर्टाचा निकाल हाती आल्याचं.

गेल्या सहा महिन्यांत ती दोनदा पुण्याला जाऊन आली होती. "काम आहे," एवढंच म्हणाली होती. कोर्टात एकटीच उभी राहिली असणार.

गुरुजी कागद घेऊन, गुडघ्यावर हात टेकत जिना चढले. वर्षाराणीनं वळून पाहिलं.

"वाचलंत?"

"वाचलं. मला काहून न्हाई सांगितलं?"

"तुम्ही त्यांना दुबईला पाठवलं होतं ना, अप्पा. मग मी काय सांगणार होते?"

गुरुजी दाराला धरून उभे राहिले. म्हणाले, "लोकं काय म्हणतील, एवढंच मनात आलं त्या वेळी. तुझं काय होतंय ते मनातच आलं न्हाई. चुकलं माझं."

ती रडली नाही. कागद हातातून घेतले आणि सारखे करत राहिली.

गुरुजी खाली आले ते थेट भिंतीपाशी गेले. "छबुबाई, वर्षाचा घटस्फोट झालाय. दुबईचं मी खोटं सांगितलं होतं."

छबुबाई वाळवण उचलत होत्या. "ठावं होतं मला, गुरुजी," त्या म्हणाल्या. "पोरगी जेवती ना नीट?"

संध्याकाळी गुरुजींनी खाली दोन ताटं वाढली.

त्या दिवसापासून ताट वर जायचं थांबलं. दोघं समोरासमोर बसून जेवत. फार बोलत नसत, पण बसत. असे पाच आठवडे मिळाले. मग बंगलोरच्या नोकरीचं पत्र आलं.

तिला गाडीत बसवून गुरुजी घरी परतले आणि वर गेले. कॉम्प्युटर ती त्यांच्यासाठी ठेवून गेली होती. ते पहिल्यांदाच तिच्या खुर्चीत बसले. खिडकीतून खालचं अंगण सगळं दिसत होतं: त्यांची बाज, तुळस, एकट्यानं पेपर वाचत बसायची त्यांची जागा.

दीड वर्ष तिला हे रोज दिसत होतं. स्वयंपाकाची वेळ टळून गेली तरी ते तिथंच बसून राहिले.