इफची वाक्यं आणि सरांचा डबा

"सर, तुमच्या इफच्या वाक्यात वाईट नेहमी आमचंच काहून होते? तुमचं कधीच काहून होत नाही?"

विचारलं मी, पण हा प्रश्न तयार झाला होता मधल्या सुट्टीत, पाण्याच्या टाकीमागं. यास्मीन म्हणाली होती, "तू नाही विचारत. लाव शर्त." संस्कृतीनं तर खिडकीजवळची आपली उन्हाची जागा आठवडाभर द्यायचं कबूल केलं. डिसेंबरात आमच्या वर्गात त्या जागेसाठी भांडणं होतात. मी म्हटलं, "दप्तर उचलून ठेव तुहं."

दिवाळीपर्यंत मी अशी नव्हते. हजेरीला 'यस सर' म्हणायची तेसुद्धा बाकाला ऐकू जाईल एवढंच. मग तपासणीला आलेल्या मॅडमनी मला इंग्रजीचा धडा वाचायला उभं केलं, मी वाचला, आणि त्या म्हणाल्या, "वा, केवढा मोकळा आवाज!" त्या दिवसापासून माझ्या तोंडाचं झाकण जे उडालं ते आईला अजून सापडलेलं नाही.

डाखोरे सर आम्हा दहावीवाल्यांना इंग्रजी शिकवतात. 'जर-तर'च्या वाक्यांचा सराव घेताना ते पुस्तक उघडतच नाहीत. फळ्यावर 'इफ' लिहितात, खडूनं एकाकडे बोट दाखवतात आणि त्याच्याच घरचं वाक्य बनवतात. जुनैदच्या अब्बांचं दुकान चाललं असतं तर जुनैदला नवे बूट मिळाले असते. गोलूनं कमी खाल्लं तर बाक मोडणार नाही. वर्ग हसतो. ज्याच्यावर वाक्य, तोही हसतो, कारण न हसून करणार काय?

आणि सरांना सगळ्यांच्या घरचं ठाऊक कसं? ते आमच्या ओसरीलगतच्या खोलीत राहतात. संध्याकाळी बाबा त्यांच्याशी गप्पा मारतात आणि रोज रात्रीचा डबा मी नेऊन देते. सर जेवतात आणि विचारतात, "काय म्हणतात तुझ्या मैत्रिणी?" मी सांगत बसते. मला वाटायचं, सर मला मोठं समजून बोलतात.

तर प्रश्न विचारला. सरांनी खडू टेबलावर ठेवला.

"राखीबाईंना उत्तर पाहिजे. उभी राहा. नाही, इथं पुढं ये. बनव आता माझ्यावर वाक्यं. तीन प्रकार, तीन वाक्यं. एक जरी चुकलं तर तास संपेपर्यंत अंगठे धरून उभी."

मी पुढं गेले. खोटं कशाला सांगू, मजा वाटत होती.

पहिलं वाक्य मी इंग्रजीत असं केलं, की सर वेळेवर जेवले तर त्यांना गरम भाकर मिळेल. पोरं हसली. सरही हसले, दातांनी.

दुसरं केलं, की सरांना स्वतःचं पाणी हापशीवरून आणावं लागलं असतं, तर तेही शाळेत उशिरा आले असते. या वेळी मागच्या बाकावरून गोलूनं टाळी वाजवली आणि मग स्वतःच हात मांडीखाली दडपून बसला.

"तिसरं," सर म्हणाले. आता ते हसत नव्हते.

तिसरं मी ठरवलेलं नव्हतं. मी बघितलं ते नेमकं दुसऱ्या रांगेतल्या, माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे. तिथं नीता बसायची. चार दिवसांपासून ती आलेली नव्हती.

नीता इंझोरीच्या वाटेवरच्या तांड्यावरची. तिचे माय-बाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, ती आजीपाशी राहते. तिला रोज उशीर व्हायचा आणि सर तिला दाराबाहेर ठेवायचे. म्हणून एका संध्याकाळी डबा देताना मीच म्हटलं होतं, "सर, तिचे माय-बाप नाहीत घरी. सकाळी पाण्याचा नंबर तिलाच लावा लागते. कधीकधी तर ती तशीच येते, आंघोळ न करता. तिले बाहेर नका ठेवू ना." सर तुरीच्या सोल्यांच्या भाजीत भाकर बुडवत म्हणाले होते, "असं का!"

दुसऱ्या दिवशी नीता आली, सरांनी तिला आत घेतलं आणि फळ्यावर इंग्रजीत लिहिलं: नीताचे आईवडील घरी राहिले असते, तर नीता आंघोळ करून शाळेत आली असती.

सगळे हसले. मीसुद्धा हसले. नीताही हसली, कारण तिला इंग्रजी नीट कळत नाही. मग तिनं मला कोपर मारून विचारलं, "काय म्हनलं वं सरानं?" आणि मी सांगितलं! पूर्ण अर्थ सांगितला, शब्दाला शब्द, कारण मला तो एका झटक्यात लागला होता आणि त्याचाच मला केवढा आनंद झाला होता. मधल्या सुट्टीत ती दप्तर घेऊन निघून गेली.

"तिसरं," सर पुन्हा म्हणाले. "का संपलं इंग्रजी?"

मी म्हटलं, इंग्रजीतच, सावकाश: मी नीताची गोष्ट सरांना सांगितली नसती, तर नीता आज वर्गात असती.

कुणी हसलं नाही. यास्मीननं मान खाली घातली.

"व्याकरण बरोबर आहे," सर म्हणाले. "वळण नाही. तोंडी परीक्षेचे वीस मार्क कोणाकडे असतात माहिती आहे ना? जा जागेवर. बाकीचं तुझ्या बाबांशी बोलतो."

खिडकीजवळची जागा मला मिळाली. ऊन मात्र काही लागलं नाही.

संध्याकाळी सर ओसरीवर खुर्चीत बसले. बाबा खाली, सतरंजीवर. मी आत आईजवळ उभी राहून सगळं ऐकत होते.

"राजूभाऊ, पोरगी हुशार आहे, पण भर वर्गात माझा अपमान करते. मी या घरचं खातो, म्हणून गप्प बसलो. उद्या वर्गासमोर सॉरी म्हणाली, की माझ्याकडून विषय संपला."

"म्हनन ना सर! म्हनन कशी नाही!" बाबा हात जोडून म्हणाले. सर उठून खोलीत गेले आणि बाबा आत आले.

"लय शिंगं फुटली का वं तुले? वीस मार्क त्याच्या हाती हायत. दहा गावचे लोक म्हनतात, राजूच्या घरी इंग्रजीचे सर राह्यतात. अन् तू त्याहिची इज्जत काढून राह्यली?"

"बाबा, त्याहिनं नीताले काय म्हनलं ते तर ऐका." मी सगळं सांगितलं.

बाबांना हसू आलं. खरंच आलं! मिशीखाली दाबलं त्यांनी. "मंग? खोटं म्हनलं का काही?"

"थे तांड्यावरची पोरगी," आई भाकर थापता थापता म्हणाली. "तिच्यापायी तू आपल्या घरचे सर दुखवतं? उद्या तुह्या लग्नाले थे येईन का पाठीशी?"

"तुह्या लग्नात आलते का वं डाखोरे सर?"

आईनं पिठाचा हात माझ्यावर उगारला. मग तोच हात तव्याकडे वळवला, डब्यात दोन भाकरी घातल्या, वर मिरचीचा ठेचा ठेवला आणि झाकण लावून डबा माझ्यापुढं सरकवला.

"जाय, देऊन ये," बाबा म्हणाले. "अन् पाया पड. अन् उद्या सॉरी. आयकू आलं का?"

डबा गरम होता. रोज मी तो ओढणीत धरून पळत नेते. आज मी तो उचलला आणि बाबांच्या पायापाशी खाली ठेवला.

"माय, बाबा, दोघंही आयका," मी म्हटलं. माझा तपासणीच्या दिवसाचा आवाज लागला होता. पलीकडच्या खोलीत नक्कीच ऐकू गेला असणार. "आजपासून सराचा डबा मी नेनार नाही, अन् कोनाच्या घरची गोष्टही नेनार नाही. मार्क जातील तं जाऊ द्या. उद्या सकाळी मी सायकल घेऊन तांड्यावर जाईन, नीतासंग पान्याच्या नंबरात उभी राहीन अन् तिले डबलसीट घेऊनच शाळेत येईन. उशीर झाला तं दोघी बाहेर उभ्या राहू. अन् सॉरी मी म्हननार हाय, बाबा, तुमी म्हनता तसंच, वर्गासमोर. पन सराले नाही. नीताले."