माझ्या बेरिंगचा ताप

मित्रांनो, घरातली म्हातारी कण्हत असली तर तिच्या कपाळाला हात लावून पाहावा, एवढी रीत कोणालाही कळते. आमचा प्रफुल मात्र माझ्यापासून चार पावलांवर उभा राहून फोनला विचारायचा, "शेलर बरी आहे का?" तेही माझ्याकडे पाठ करून! मी काय मेले होते?

मी एक जुनी शेलर आहे. नागभीडच्या एका राईस मिलमध्ये धानाचं फोलपट काढायचं माझं काम. अंग बिडाचं, पोटात रबराचे दोन रोल. शाळेची पायरी मी पाहिली नाही, पण एचएमटी तांदळाचा बारीक दाणा माझ्या पोटातून अख्खा बाहेर पडायचा. तुकडा पडला तर समजावं, धानच ओलं होतं. माझ्यावर बोट दाखवायची सोय मी कोणाला ठेवली नव्हती.

प्रफुलचे वडील गुणवंतराव यांनी मला आणलं, तेव्हा गावात अजून छोटी रेल्वे चालत होती. स्टेशनातून मी बैलबंडीवर बसून मिलपर्यंत आले. मला उभं केलं सुकलूनं. तोच पुढे माझा मिस्त्री झाला. जंगलकाठच्या गावातून रोज सायकलनं यायचा, आणि आला की चहाच्याही आधी माझ्या बेरिंगवर तळहात ठेवायचा. शाफ्ट ज्या कड्यात फिरतो ती बेरिंग. ती तापली की समजा माझं दुखणं सुरू. सुकलू डोळे मिटून त्याच्या गोंडीत मोजायचा, "उंदी, रंड, मुंड..." दहापर्यंत हात टिकला तर मी बरी. त्याआधी उचलावा लागला तर मी बंद, मग दारात ट्रक का उभा असेना.

कोंडा भरणारी धुरपताबाई त्याच्याच गावची. ती हसायची, "सुकलूभाऊ, बायकोचा हात कधी येवढा वेळ धरला का रे?"

"बायको तापली तं आवाजच मोठा देते, बाई. हात काऊन लावा लागते?"

गुणवंतराव गेले. प्रफुल नागपुरातून शिकून आला आणि त्यानं माझ्या बेरिंगवर एक लहानशी डबी चिकटवली. ती डबी माझा ताप मोजायची, थरथर मोजायची आणि इंटरनेटवरून ऑफिसातल्या कॉम्प्युटरला आणि प्रफुलच्या फोनला कळवायची. गोदामात धान किती, कोणत्या व्यापाऱ्याचा माल राहिला, ट्रक केव्हा निघणार, हे सगळं त्याच पडद्यावर. मी किती वेळ चालायचं तेही पडद्यानंच ठरवायचं. खोटं कशाला बोलू, मला डबी आवडली. दिवसभर कोणी तरी आपली नाडी धरून बसलंय, हे म्हातारपणी बरंच वाटतं. एकदा पट्टा सैल झालेला सुकलूच्या आधी तिलाच कळला. सुकलू तिला बोटानं टिचकी मारून म्हणाला, "हुशार आहेस, माय." चंद्रपूरहून मिलवाले पाहायला आले, तेव्हा प्रफुलनं माझा फोटो काढू दिला. मी ताठ उभी होते.

मग दसरा आला. दसऱ्याला आम्हा यंत्रांना तेल लावतात, हळद-कुंकू वाहतात, नारळ फोडतात. कुंकवानं आणि तेलानं डबी खराब होईल म्हणून प्रफुलनं ती स्वतःच्या हातानं काढून खिशात ठेवली. पूजा झाली. तेलकट बेरिंगवर डबी काही चिकटेना. पाहुणे जेवायला खोळंबले होते. त्यानं ती माझ्या बाहेरच्या पत्र्यावर, जिथं तेल लागलं नव्हतं तिथं लावली आणि नंतर विसरला. पत्रा तो पत्रा, त्याला कसला ताप येतो?

दिवाळीनंतर नवीन धान आलं. मी दिवसभर फिरत होते आणि आतून जळत होते. सुकलूचा हात चारच्या पुढे टिकेना. त्यानं मला बंद केलं. पडद्यावर लगेच उमटलं: मिस्त्रीनं विनाकारण बंद केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी प्रफुल धावत आला.

"काका, काऊन बंद केली? फोनवर हिरवं दिसून राह्यलं!"

"बेरिंग जळून राह्यली, मालक. हात लावून पाहा."

"हातावर धंदा नाई चालत आता."

"फोनच लावून पाहा मंग बेरिंगले. तापते का नाई?"

धुरपताबाई फिसकन हसली. चारचौघांत हसं झालं तेच प्रफुलला झोंबलं. "तुमचा हात म्हातारा झाला, काका. घरी आराम करा." सुकलूनं हात पुसला, सायकल घेतली आणि गेला. मला वाटलं, मागं वळून पाहील. नाही पाहिलं.

दोनच दिवसांनी माझी बेरिंग जाम झाली आणि शाफ्ट मधोमध तुटला. एवढा मोठा आवाज मी जन्मात केला नव्हता. नागपूरहून इंजिनियर आला, पत्र्यावरची डबी पाहून म्हणाला, "ही इथं कोणी लावली?" प्रफुलनं मान खाली घातली. त्याला दसरा आठवला, हे मी त्याच्या तोंडावर वाचलं. पण इंजिनियर गेल्यावर मिलमध्ये त्यानं सांगितलं, "सुकलू काका सारखी बंद-चालू करत होते, म्हणून शाफ्ट गेला."

ते सुकलूच्या गावात पोचलं. मित्रांनो, मला भंगारात काढतायत, त्याचं दुःख मी गिळलंय. बिडाचं अंग वितळेल, दुसरं काही होईल. पण काल धुरपताबाई कोंडा भरताना रडत होती. सुकलू दोन वेळा जेवत नाही म्हणे. हात पुढे करून पाहत बसतो आणि विचारतो, "धुरपता, माह्या हातानंच मारलं का वो तिले?"

आज मला उचलायला ट्रक आलाय. प्रफुल दारात उभा आहे. तुमच्याशी खूप बोलले, आता त्याच्याशी मोठ्यानं बोलते, तुम्हीही ऐका.

"प्रफुल, इकडं पाय. फोनकडं नाई, माह्याकडं! डबी खोटी नोयती, जिथी लावली तिथलं तिनं खरं सांगतलं. सुकलूचा हातई खरा होता. खोटा तूच निंगाला. माह्या जागी नवी शेलर येईन, पन त्या मानसाचा हात तू त्याच्याच नजरेत मेलेला ठरवला. जाय त्याच्या गावाले. चार लोकायसमोर सांग, डबी पत्र्यावर म्या लावली होती. नाई सांगतलं, तं गुनवंतरावाचा पोरगा म्हनून या मिलच्या दारात उभा राहू नोको."