पिन काढलेला रिमोट

मित्रांनो, मी एक जुना रिमोट आहे. टीव्हीचा नव्हे हं. टीव्हीच्या रिमोटला घरात मान असतो, तो सापडला नाही तर सगळं घर सोफ्याखाली वाकून बघतं. मी व्हिडिओ गेमचा रिमोट, आणि त्यातही दोन नंबरचा. माझ्या डाव्या बाजूला चालायचं बटण, उजव्या बाजूला उडीचं गोल लाल बटण आणि मागे लांब वायर. वायरच्या टोकाला पिन. ही पिन तेवढी लक्षात ठेवा. माझ्या आयुष्याचं वाटोळं तिने केलं, आणि शेवटी जे काही बरं झालं तेही तिच्यामुळेच.

आता खरं सांगायचं तर मी थकलोय. काम करून नाही, काम न करून. त्या थकव्याला कोणी थकवा म्हणत नाही, म्हणून जास्त शीण येतो.

कारखान्यात आम्ही दोघे एकाच साच्यातून निघालो. शिक्के मारणाऱ्या बाईच्या हाताला जो आधी लागला त्याच्यावर तिने एकचा आकडा मारला, मग माझ्यावर दोनचा. तेवढाच काय तो फरक. पण त्या एका शिक्क्याने आमची नशिबं वेगळी झाली. आम्हाला एका खोक्यात भरलं, आणि एक दिवस ते खोकं एका दोन खोल्यांच्या घरात उघडलं गेलं.

त्या घरात आई होती, बाबा होते, अकरा वर्षांचा दादा होता आणि पाच वर्षांची त्याची बहीण. तिला सगळे बारकी म्हणायचे. बाबांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "दोघांनी मिळून खेळायचं. भांडण ऐकू आलं की खोकं माळ्यावर."

आमच्याबरोबर एकच कॅसेट आली होती, छत्रीवाल्याची. छत्री घेतलेला एक बुटका माणूस या गच्चीवरून त्या गच्चीवर उड्या मारत जायचा. चुकला की खाली. दोन खेळाडूंना मिळून लाइफ फक्त पाच. पहिल्या संध्याकाळी बारकीने त्या पाचांतल्या चार पहिल्याच खड्ड्यात घालवल्या, आणि प्रत्येक वेळी "पडला!" म्हणून टाळ्या पिटल्या. दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. भांडावं तर खोकं माळ्यावर, गप्प बसावं तर खेळ बुडाला.

दुसऱ्या दिवशी त्याने टेबलामागे हात घालून माझी पिन काढली. मग मला बारकीच्या हातात दिलं आणि अगदी साळसूदपणे म्हणाला, "हे बघ, चालायचं काम माझं. उडी तुझी. खड्डा आला की लाल बटण दाबायचं."

"फक्त उडी?"

"अगं, उडी म्हणजेच तर सगळं. चालणं काय, कोणीही चालतं."

तुम्ही हसाल. कितीतरी घरांत मोठ्या भावंडांनी हा उद्योग केलेला आहे, आणि माझ्यासारखे कितीतरी रिमोट असे नुसते हातात राहून गेले आहेत. पण जरा माझा विचार करा. दाबली जाणारी प्रत्येक उडी माझ्या वायरमधून धावत जायची आणि टोकाला जाऊन फरशीवर सांडायची. तिकडे पडद्यावर छत्रीवाला उडायचा तो एक नंबरच्या जोरावर. आणि बारकी ओरडायची, "दादा, मी मारली ना?"

"हो गं, तूच मारलीस," दादा पडद्यावरची नजर न हलवता म्हणायचा.

अशी तीन वर्षं गेली. बारकीचा अंगठा इतका तयार झाला की दादाचा आणि तिचा ठेका एकाच क्षणी पडायचा. एका रविवारी दुपारी छत्रीवाला शेवटच्या गच्चीवर पोचला. सगळ्यांत रुंद खड्डा. दोघांनी एकदम बटण दाबलं. छत्रीवाला पलीकडे! बारकीने शिलाई मशीनवर बसलेल्या आईला मिठी मारली आणि आख्ख्या शाळेला सांगितलं, शेवटची उडी मी मारली. दादाने मान डोलावली. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे मुलं मोठी झाली. बाबा गेले. बारकी केस कापायचं शिकली, लग्न करून दुसऱ्या गावी गेली आणि तिथे स्वतःचं छोटं सलून काढलं. दादा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करू लागला. लग्नाबिग्नाच्या भानगडीत तो पडला नाही, पण खेळणं काही सुटलं नाही. एक नंबरची बटणं झिजून खोबणीत गेली आणि तो बिचारा राम म्हणाला. मी मात्र ठणठणीत! दादाने मला काचेच्या कपाटात ठेवलं, वायरला रबर लावून. पाहुणे यायचे आणि म्हणायचे, "वा, अगदी नव्यासारखा ठेवलाय हो!" ज्याने जन्मभर काही केलं नाही तो नव्यासारखाच राहणार. त्या कौतुकाची मला लाज वाटायची.

कपाटातून मला दादा रोज दिसायचा, आणि ऐकू तर त्याहून जास्त यायचा. वय वाढलं तशी त्याची मतं वाढली. हल्लीचे गेम म्हणजे नुसता देखावा. अर्धा तास बटणं समजावण्यात जातो. नवीन काही सुचत नाही म्हणून जुन्यालाच रंग फासून परत विकतात. एवढ्या शिव्या घालायचा आणि असा रंग फासलेला प्रत्येक गेम पहिल्याच दिवशी घ्यायचा. फोनवर त्याच्यासारख्याच पन्नास-साठ जणांचा गट होता. त्यात हे बाप्ये "खरा खेळाडू कोण" यावर हमरीतुमरीवर यायचे.

यंदा आमचा छत्रीवालाच नव्याने निघाला. त्याला नाक आलं, मिशा आल्या, भुवयासुद्धा हलायला लागल्या. पूर्वी उडी मारली की टुण्ण वाजायचं, आता मागे चाळीस वादक वाजवतात. छत्रीचा निळा रंग मूळच्यासारखा नाही म्हणून गटात तीन दिवस रण पेटलं होतं. दादा सगळ्यांत पुढे. अरे बाबा, आपल्या जुन्या टीव्हीवर सगळंच हिरवट दिसायचं, मूळचा निळा तू पाहिलास कधी?

पण दादाचा खरा राग होता तो पिसावर. नव्या गेममध्ये मदतीची सोय होती. ती चालू केली की तुम्ही उशिरा दाबा, नाहीतर दाबूच नका, छत्रीवाला आपणहून उडी मारायचा आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक पांढरं पीस तरंगायचं. दादाने गटात लिहिलं, "पिसवाल्यांनी स्वतःला खेळाडू म्हणवून घेऊ नये." त्याला चाळीसावर अंगठे मिळाले. तो शब्द त्याचाच, पिसवाले. स्वारी स्वतःवर मोठी खूश होती.

आणि त्याच महिन्यात बारकीच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली.

जीव वाचला. बोलणं पूर्ववत झालं. पण उजवा हात लुळा पडला, बोटं ऐकेनात. तिच्या घरी दिवसभर कोणी नसायचं, म्हणून आईने तिला इकडे आणलं. व्यायाम शिकवायला बाई यायच्या. त्यांनी स्पष्टच सांगितलं, "हे दोन-तीन महिने महत्त्वाचे. आता हलवला नाहीत तर हात असाच राहील." ज्या हाताने कात्री धरायची तो हात. बारकीने चार दिवस रबरी चेंडू दाबला, पाचव्या दिवशी खिडकीतून फेकून दिला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. आई चेंडू शोधून आणायची, धुऊन उशाशी ठेवायची. तो तिथेच राहायचा.

एका दुपारी मात्र ती भिंत धरत बाहेर आली. दादाची सुट्टी होती, तो खेळत होता.

"दादा, आपला छत्रीवाला ना हा? दे की मला."

दादाला आभाळ ठेंगणं झालं. त्याने सतरंजी अंथरून उशी रचून दिली, नवा बिनवायरीचा रिमोट तिच्या मांडीवर ठेवला. डाव्या अंगठ्याने ती छान चालली. खड्डा आला. उजवा अंगठा बटणावर होता, पण दाबेचना. छत्रीवाला खाली. पुन्हा खाली. सात वेळा. मग तिनेच चाचपडत मदत चालू केली. छत्रीवाला उडाला, कोपऱ्यात पीस तरंगलं, आणि किती दिवसांनी ती हसली.

आणि आमचा शहाणा काय बोलला असेल? सवयीने, हो, निव्वळ सवयीने तोंडातून निघून गेलं. "बारके, पण मग तू कुठे खेळतेयस? तो गेमच खेळतोय की!"

खोलीत आईचं मशीन तेवढं चालू होतं. तेही थांबलं.

बारकीने रिमोट बाजूला ठेवला. "मग लहानपणी मी काय खेळत होते रे, दादा?"

"म्हणजे?"

"पिन काढलेली असायची ना."

दादाच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. कपाटात माझी काय अवस्था झाली ते मी सांगू शकत नाही.

"तुला... कधी कळलं?"

"दुसरीत असताना. खोडरबर टेबलाखाली गेलं म्हणून मागे वाकले, तर पिन फरशीवर पडलेली."

"मग बोलली का नाहीस? त्याच्यानंतर वर्षभर खेळलीस की!"

"बोलले असते तर तू उठून मित्रांकडे गेला असतास. मला तुझ्याशेजारी बसायचं होतं." ती उठायला लागली. "राहू दे. उगाच आले मी."

मित्रांनो, मी त्याला तीस वर्षांहून जास्त ओळखतो. वाद घालणं त्याला येतं, माफी मागणं येत नाही. ती दारापर्यंत गेली असेल नसेल, त्याने कपाट उघडलं. ज्या कपाटाला आईलाही हात लावू द्यायचा नाही ते. मला बाहेर काढलं. वायरचं रबर इतकं वाळलेलं होतं की हात लागताच तुटलं. तो खाली तिच्या सतरंजीपाशी बसला, मला दोन्ही हातांत धरून. माझी पिन फरशीवर लोळत होती.

"बस," तो म्हणाला. "चालायचं काम तुझं. उडी माझी."

बारकीने त्या पिनकडे बघितलं. मग परत येऊन बसली आणि म्हणाली, "खड्डा आला की दाबायचं. झोपू नकोस."

आणि मग तो घोडा मला दाबायला लागला! खड्डा आला की लाल बटण. कोपऱ्यात पीस तरंगायचं आणि हा नेहमी उशिरा. "दादा, काय हे, तो पडला असता ना!" ती ओरडायची. आई दारात उभी राहून पदराने डोळे पुसत होती आणि हसतही होती.

हे मग रोज दुपारी, तो जेवायला घरी आला की. वीस मिनिटं. बारकीचा अंगठाही बटणावर असायचा, ती प्रत्येक खड्ड्याला जोर लावायची, घाम यायचा. बाईंना आम्हाला काही सांगावं लागलं नाही, त्याच म्हणाल्या, "चेंडू राहू दे, हेच करा." तिकडे गटात कोणीतरी पिसवाल्यांवर विनोद टाकला, तेव्हा दादाने लिहिलं, "तो शब्द मी काढला होता. चुकलो. माझी बहीण पिसवाली आहे." एकही अंगठा आला नाही.

सव्वीसाव्या दिवशी एक साधा, अरुंद खड्डा आला. दादाने मला दाबलं, नेहमीप्रमाणे उशिरा. छत्रीवाला पलीकडे गेला.

कोपऱ्यात पीस आलं नाही.

दादाने ते पाहिलं. बारकीने पाहिलं की नाही कोण जाणे, ती पडद्यावर डोळे रोखून होती, अंगठा अजून बटणावर रुतलेला. दादा पोरासारखा ओरडला, "बारके, मी मारली ना?"

ती पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली, "हो रे, तूच मारलीस."

मी आता कपाटात नसतो. सतरंजीवर असतो, वायरचा गुंता झालेला, बाजूला चहाचा डाग. नव्यासारखा कोणी म्हणत नाही. कात्री अजून तिच्या हातात बसत नाही, पण चमचा बसतो. आणि मित्रांनो, मला काचेत ठेवू नका, जपूही नका फारसं. एवढंच करा. शेजारी कोणी रिमोट घेऊन बसलं असेल, तर खेळ सुरू करण्याआधी एकदा टेबलामागे वाकून त्याची पिन बघा.