हात न आपटणारी

माझी धाकटी बहीण मयुरी चटईवर हात आपटत नाही, याचं साऱ्या माजरी गावाला कौतुक. ज्युदोत गळा आवळला गेला की हात आपटायचा, समोरची लगेच सोडते. साधा नियम. पण निकेश सरांच्या वर्गात हात आपटणारी भित्री ठरते. मागच्या आठवड्यात मयुरी गळा आवळला तरी हात न आपटता बेशुद्ध पडली. डोळे उघडले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्यांचीच चीड आली.

दुसऱ्या दिवशी तिची मान डावीकडून ठणकायला लागली. मग डावी पापणी उतरली. हातच्या काकणाला आरसा कशाला? पण माय म्हणाली, "मोहफुलांची टोपली डोक्यावर घेऊन हिंडली, नस चढली असन." आणि तेल लावून मान चांगली रगडली.

मी तिला ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई पापणी बघून गंभीर झाल्या. गळा दाबल्यानं मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटली असेल, म्हणाल्या. आजच चंद्रपूरला न्या, मानेला कोणी हात लावू नका, खेळ तर नाहीच.

"रविवारी जिल्ह्याची निवड हाय, बाई," मयुरी मला म्हणाली. "सोमवारी जाऊ."

"सोमवार दिसन का तुले?"

ती हसली. सरांना सांगितलं, तर तेही हसले. "डॉक्टर लोकायचं काय, शिंकलं तरी भरती करते. खेळली का मान मोकळी होते."

मायही त्यांचीच री ओढायला लागली. घरात मी एकटी वेडी ठरले.

रविवारी समोर भद्रावतीची डिंपल होती. तिनं मयुरीला खाली पाडलं, डावा हात गुडघ्याखाली दाबला आणि गळ्याभोवती कोपर आवळलं. मयुरीनं गर्दीत मला नजरेनं शोधलं. असं तिनं कधीच केलं नव्हतं. तिचा उजवा खांदा हलला, पुन्हा हलला. हात मात्र चटईवर तसाच पडून राहिला.

"पाहा, आपटत नाई!" सर ओरडले. "शाब्बास!"

"डिंपल, सोड तिले! तिचा हात उचलून नाई राह्यला!"

मी चटईवर धावले. डिंपल घाबरून बाजूला झाली. मयुरी काहीतरी सांगायला गेली, तर तोंड एकीकडे वाकडं झालं. मागे अजून टाळ्या चालू होत्या.