जपानला गेलेली वरकुट्याची घोंगडी

मित्रांनो, मला पाहून तुम्ही नाक मुरडाल हे मला ठाऊक आहे. मी एक जुनी, काळी, अंगाला टोचणारी घोंगडी आहे. भिजले की मला मेंढरांचा वास येतो. पण तुम्ही चित्रात पाहता तो बर्फ मी अंगावर झेलला आहे आणि विमानातूनही जाऊन आले आहे. बसा जरा, सांगते.

इंदापूर तालुक्यातल्या वरकुटे गावात तात्याबांची मेंढरे होती. त्या काळ्या मेंढरांची लोकर कातरली आणि तात्याबांच्या बायकोने, आक्काबाईने, तिचे सूत कातले. कळपामागून चालता चालता तिच्या हातात टकळी फिरत असे. सणगराने मला मागावर विणले, शिजवलेल्या चिंचोक्यांची खळ कुंच्याने अंगभर चोपडली आणि उन्हात ताणून ठेवले. वाळल्यावर मी अशी ताठ झाले की भिंतीला टेकवली तर उभी राहीन.

तात्याबा मेंढरे घेऊन भिगवणकडच्या पाण्यापर्यंत उतरत, तेव्हा मी त्यांच्या खांद्यावर असे. पाऊस आला की ते माझी खोळ करून डोक्यावर घेत. पाणी माझ्यावरून ओघळून जाई आणि आत तात्याबा कोरडे राहत. पाहुणा आला की आधी मला अंथरत, मग पाणी देत. आक्काबाईचा मुलगा दादासो माझ्यावरच रांगायला शिकला. केवढा मान होता मला तेव्हा!

पुढे कालव्याचे पाणी आले, ऊस आला, मेंढरे विकली गेली. तात्याबाही गेले. घरात मऊमऊ, फुलाफुलांची ब्लँकेटे आली. मी आधी ट्रॅक्टरच्या सीटवर पडले, मग कांद्याच्या पोत्यांवर. एका कोपऱ्याला कसर लागली, पण ते कुणी पाहिलेही नाही.

दादासोची मुलगी सुकन्या बारामतीच्या कॉलेजात शेतीचे शिक्षण घेत होती. रोज सकाळी एसटीने जायची, आणि तास संपले की थांबून जपानी भाषेचा वर्ग करायची. एसटीत बसल्या बसल्या ती बोटाने काचेवर जपानी अक्षरे गिरवी. मी कौतुक करत नाही, खरेच सांगते, तिच्याइतकी जिद्द मी फार थोड्या माणसांत पाहिली. त्या जिद्दीनेच तिची निवड झाली. एक वर्ष जपानमधल्या विद्यापीठात शिकायचे आणि परत यायचे.

जायच्या आदल्या दिवशी आक्काबाईने मला झटकून आणले आणि बॅगेशेजारी ठेवले.

"आये, विमानात घोंगडं?" दादासो हसला. "तितं हीटर असत्यात. लोक म्हनतील मेंढपाळच आलाय."

"मग म्हनू दे की! खोटं हाय का त्यात?" आक्काबाई म्हणाली. "तू गप बस. तुझं ढुंगण हिच्यावरच वाळलंय."

सुकन्या हसू दाबत बॅग आवरत होती. आक्काबाईने मला जमिनीवर पसरले, सुकन्याला माझ्यावर बसवले, तिच्या कपाळाला बिरोबाचा भंडारा लावला आणि उरलेली मूठभर हळद माझ्या घड्यांत उधळली. "झटकू नगंस गं. त्यो असू दे." आणि सुकन्याने खरेच झटकली नाही.

जपानमध्ये सुकन्याला कियोको नावाच्या आजींच्या घरात खोली मिळाली. खोलीच्या जमिनीवर तातामी होत्या. तातामी म्हणजे एका प्रकारच्या लव्हाळ्याची विणलेली, जाड गादीसारखी चटई. तिच्यावर चप्पल चालत नाही, टेबल ओढलेले चालत नाही, पाणी तर मुळीच नाही. पहिल्याच दिवशी प्राध्यापकांनी सुकन्याला बजावले होते, "आधीच्या विद्यार्थ्याने ती खोली खराब केली. आजी पुन्हा कुणाला ठेवायला तयार नव्हत्या. मी शब्द दिला म्हणून त्यांनी तुला घेतले. वसतिगृह भरले आहे. ही खोली गेली तर तुला वर्ष अर्ध्यावर टाकून परत जावे लागेल."

सुकन्या त्या खोलीत पावलेसुद्धा मोजून टाकी.

कियोको आजींचे मला फार नवल वाटे. ऊन पडले की त्या घरातली सगळी अंथरुणे बांबूवर वाळत घालत आणि वेताच्या काठीने झोडपत. फुटलेली वाटीही त्या उचलून आधी नीट पाहत, मग काय करायचे ते ठरवत. वस्तूला इतक्या मायेने हात लावणारे माणूस मला तात्याबांनंतर तेच भेटले.

मग हिवाळा आला. एका दुपारी वाऱ्याने सुकन्याची छत्री उलटी केली आणि पाणचट बर्फ कोसळू लागला. त्या दिवशी वर्गात आपल्या गावाविषयी बोलायचे होते, म्हणून तिने मला बरोबर नेले होते. तिने क्षणभरही विचार केला नाही. माझी खोळ केली, डोक्यावर घेतली आणि चालू लागली. मित्रांनो, कितीतरी वर्षांनी मी माझे काम करत होते! बर्फ माझ्यावर पडे, विरघळे, आणि आत ती पोरगी कोरडी. बसथांब्यावर एका मुलाने विचारले, "हा कोट कुठे मिळतो?" सुकन्या म्हणाली, "मेंढीला विचार."

घरी आल्यावर चटईचे भान न राहता तिने सवयीने तेच केले, जे वरकुट्यात सगळे करतात. ओली घोंगडी जमिनीवर पसरली आणि तिच्याशेजारी बसून अभ्यास केला. ओल्या मेंढरांचा वास खोलीभर पसरला. तो वास घेत ती तिथेच झोपी गेली.

सकाळी तिने मला उचलले आणि तिच्या तोंडचे पाणी पळाले. फिक्या हिरव्या चटईवर पिवळाजर्द डाग पडला होता. माझ्या घड्यांतला भंडारा बर्फाच्या पाण्याबरोबर उतरला होता.

तिने ओल्या फडक्याने पुसले, डाग पसरला. साबण लावला, डाग तांबडा झाला. शेवटी तिने माझी घडी करून त्यावर ठेवली आणि वर अभ्यासाचे छोटे टेबल ठेवले. मग आक्काबाईला फोन लावला.

"आजे, चटईला डाग पडलाय."

"कशाचा?"

"भंडाऱ्याचा."

"मग त्याला डाग म्हनतीस व्हय गं?"

"आजे, मस्करी नगं! ह्यांनी खोली काढून घेतली तर मला घरी यावं लागंल."

"म्हातारीला दावलास का?"

"न्हाय. वर घोंगडी ठेवलीया."

"अगं येडे, ओल्यावर घोंगडी ठेवत्यात का? खालून बुरशी येईल. उठ आन् सांग तिला. वरडली तर वरडू दे, खात न्हाय ती तुला."

पण सुकन्याला धीर होईना. दोन-चार वेळा ती आजींच्या दारापर्यंत गेली आणि परत आली. जपानी भाषेत क्षमा मागण्याची किती वाक्ये तिने पाठ केली होती! दाराशी गेले की सगळी पळून जात.

मग ऊन पडले. कियोको आजी दारात येऊन म्हणाल्या, "सुकन्या-सान, आज छान ऊन आहे. तुझी ती काळी चादरही दे, वाळत घालू."

सुकन्या धपकन टेबलाबाहेर डोकावणाऱ्या माझ्या कडेवरच बसली. "नको आजी. हिला ऊन सोसत नाही."

मला! उन्हात ताणून मोठी केलेल्या मला! आजी दारातच उभ्या राहिल्या. सुकन्याने मान खाली घातली. मग हळूच उठली, टेबल सरकवले, मला बाजूला केले आणि म्हणाली, "आजी, मी खोटे बोलले. ही चटई मी खराब केली."

कियोको आजी गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी डागावर तळहात ठेवला, बोटे नाकाशी नेली. "हळद?"

"आमच्या देवाची. माझ्या आजीने प्रवासासाठी दिली होती."

आजी उठल्या आणि बाहेर गेल्या. दूर कुठेतरी फोनवर त्यांचा आवाज ऐकू येत होता. सुकन्याला वाटले, प्राध्यापकांनाच फोन. तिने बॅग काढली आणि कपडे भरू लागली.

तेवढ्यात एक छोटा ट्रक दाराशी थांबला. पांढऱ्या केसांचा एक कारागीर आत आला, आकड्याने चटई उचलली, खालून वरून पाहिली आणि आजींशी बोलला. आजींनी सुकन्याच्या भरलेल्या बॅगेकडे पाहिले. "तू कुठे निघालीस?"

"मला वाटले तुम्ही..."

"चटईच्या वरच्या विणीला दोन बाजू असतात," आजी म्हणाल्या. "काही वर्षे एक बाजू वापरायची, मग ती उसवून उलटायची. ही तशीही उलटायला आली होती. हळदीचा मला राग नाही. राग आहे तो याचा, की ओल तू झाकून ठेवलीस. हे कारागीर म्हणतात, आणखी थोडे उशिरा कळले असते तर दुसरी बाजूही कुजली असती. मग काय उलटायचे?"

सुकन्या रडली, तेव्हा आजींनी तिला चहा दिला. संध्याकाळी चटई परत आली. नवी बाजू हिरवीगार होती आणि तिच्यात पिवळी सावली अगदी जवळून पाहिले तरच दिसे. आजींनी मग मला उन्हात घातले, कसर लागलेला कोपरा शोधून काढला आणि निळ्या दोऱ्याने बारीक टाक्यांत रफू केला. इतक्या वर्षांत त्या भोकाकडे पाहणारी ती पहिलीच बाई.

सुकन्याने वर्ष पूर्ण केले. निरोपाच्या दिवशी कियोको आजींनी प्राध्यापकांना सांगितले, पुढच्या वर्षीही मुलगी पाठवा. आता तिथे दुसरी मुलगी राहते. पहिल्याच आठवड्यात तिच्या हातून चटईवर सूप सांडले आणि ती तशीच धावत आजींकडे गेली. फोनवर सुकन्याला हे सांगताना आजी हसत होत्या. "मी तिला तुझी गोष्ट आधीच सांगून ठेवली होती," त्या म्हणाल्या.

मी वरकुट्याला परत आले. ऊन पडले की सुकन्या मला अंगणात दोरीवर घालते आणि काठीने झोडपते. आक्काबाई ओट्यावरून म्हणते, "हळू गं, तिला काय जपानी समजतं का?"

मित्रांनो, वस्तू जुन्या होतात, फाटतात, डागाळतात. तुमच्या हातून काही बिघडले तर त्यावर घडी घालून बसू नका. ज्याचे आहे त्याला बोलवा, दाखवा, बोलणी खा. बिघडलेले पुष्कळदा सुधारते. झाकलेले मात्र आतून कुजत जाते, आणि आपण त्याच्यावरच बसलेलो असतो.