रिकामी पाकिटं

"सतरा... अठरा... एकोणीस..."

"नखं राहिली!" साबणताई ओरडल्या. "नखांत काय शेती करायची आहे का रे? चला, पुन्हा एकपासून."

अंगणातल्या चारही पोरांनी एका सुरात "शीऽऽ" केलं आणि पुन्हा फेस काढायला सुरुवात केली. ताईंनीही त्यांच्याबरोबर हात चोळायला घेतले. नुसतं तोंडाने सांगून कुणी शिकत नाही, आपण स्वतः करून दाखवावं लागतं, असा आरोग्यसेविका म्हणून त्यांचा बावीस वर्षांचा नेम. आज हे नववं घर होतं. म्हणजे नवव्यांदा साबण, नवव्यांदा वीसपर्यंत आकडे, नवव्यांदा तेच गार पाणी. त्यांच्या बोटांची टोकं सोलवटून गेली होती आणि तळव्यांना उन्हातल्या चिखलासारख्या भेगा पडल्या होत्या. वस्तीवरची शिंपीण म्हणायची, "ताई, साबणाने तुमच्या हातावरच्या रेषासुद्धा गेल्या. आता तुमचं भविष्य कुणाला सांगता यायचं नाही!" ताई म्हणायच्या, "बरंच झालं. गुडघा कधी बरा होणार हे कळून तरी काय करायचंय?"

गुडघा उजवा. पायरी दिसली की आधी तो बोलायचा, मग ताई. खांद्यावर पिशवी, पिशवीत वजनकाटा, गोळ्यांची पाकिटं, खुणांची कार्डं आणि चित्रांची एक जाडजूड वही. वहीतल्या गुटगुटीत बाळाचं नाक बोटं लागून लागून केव्हाच उडालं होतं. तरी ताई पान उलटून म्हणायच्या, "हे बाळ बघा कसं हसतंय." कुणीच बघायचं नाही. सगळ्यांना पाठ होतं. ताईंना तर इतकं पाठ होतं, की नवरा म्हणायचा, "झोपेतसुद्धा 'पाणी उकळून गार केलेलं' म्हणतेस. जरा मला पण झोपू दे."

दहावं घर गवंड्याचं. ताईंनी ते मुद्दाम शेवटी ठेवलेलं असायचं. दिवसभर टोमणे ऐकून, बंद दारांवर थापा मारून जीव विटला, की तिथे जाऊन टेकायचं. कारण गवंड्याची बायको म्हणजे त्यांची पहिल्या नंबरची विद्यार्थिनी. पहिलटकरीण, आठवा महिना सरत आलेला, बोलणं कमी आणि ऐकणं जास्त. रक्तवाढीच्या गोळ्या रोज एक घ्यायची, दहा दिवसांनी ताई आल्या की रिकामं पाकीट दाखवायचं, ताईंनी कार्डावर बरोबरची खूण करायची आणि नवं पाकीट द्यायचं, अशी पद्धत. बाकीच्या बायका "हरवलं", "पोराने फाडलं", "उंदराने नेलं" असल्या सबबी सांगायच्या. हिचं पाकीट मात्र कायम हजर, दहाच्या दहा खळगे रिकामे. गेल्या महिन्याच्या मातांच्या बैठकीत तर ताईंनी तिची सगळी पाकिटं हातात धरून वर दाखवली होती. "बघा, याला म्हणतात आई होणं!" टाळ्या पडल्या होत्या. पोरगी खाली मान घालून लाजली होती.

आज ती उंबऱ्यातच बसलेली होती.

"काय गं, दमलीस?"

"नाही हो ताई. पाण्याची कळशी आणली, म्हणून जरा..." वाक्य पुरं करायलाही तिला श्वास पुरला नाही. उठताना तिने चौकट धरली. आत गेली आणि न विचारता पाकीट घेऊन आली. रिकामं. दहाच्या दहा.

ताईंनी कार्ड काढलं, पेनचं टोपण दातांनी उघडलं आणि खूण करायला टेकायला जागा म्हणून खिडकीजवळ सरकल्या. तिथे त्यांचा हात थांबला. गवंड्याने स्वतःच्या हाताने घातलेला गिलावा, अख्ख्या वस्तीत असा सफाईदार गिलावा कुणाच्या घरी नाही. आणि नेमका खिडकीखाली, बसल्यावर हाताला येईल अशा उंचीवर, बशीएवढा भाग खरवडलेला.

"हे काय? उंदीर झालेत का?"

पोरीने पदराने ओठ पुसले.

"तू खातेस?"

"थोडासाच," ती पुटपुटली. "ओला वास आला की राहवत नाही. यांना सांगू नका ताई. शनिवारी कामावरून आले की रागावतील, म्हणतील माझी भिंत खाल्लीस."

ताईंनी पेन बंद केलं. माती, चुना, भिंत खावीशी वाटणं म्हणजे काय, हे त्यांच्या वहीत एकविसाव्या पानावर होतं. अंगात रक्त नसलं की असं होतं. पण सहा महिने रोज गोळी घेणाऱ्या बाईला का व्हावं? त्यांनी पुढे होऊन तिची खालची पापणी अंगठ्याने ओढली. आत लाली दिसायला हवी. तिथे काहीच नव्हतं. गिलाव्यासारखं पांढरं.

"खरं सांग. गोळ्या कुठे आहेत?"

"घेतल्या ना."

"पोरी, माझा गुडघा दुखतोय, मी नऊ घरं फिरून आलेय. मला खोटं बोलायचा आणि ऐकायचा दोन्हींचा कंटाळा आलाय. कुठे आहेत?"

मग फळीवरच्या डब्यांमागे हात घालून तिने काचेची एक बरणी काढली आणि ताईंसमोर ठेवली. बरणी गळ्यापर्यंत भरली होती. विटकरी रंगाच्या गोळ्या. मोजायची गरजच नव्हती.

"पहिल्या चार घेतल्या होत्या," ती म्हणाली. "मळमळायचं. आणि सासूबाई म्हणाल्या नको घेऊस."

"मग पाकिटं कशाला फोडलीस?"

"तुमचं तोंड एवढंसं व्हायचं ना, कुणी पाकीट दाखवलं नाही की. आणि माझं बघून तुम्ही इतक्या खूश व्हायच्या." तिने बरणीचं झाकण उगाच घट्ट केलं. "फेकायला पण जीव झाला नाही. एवढ्या उन्हातून आणता तुम्ही."

ताई खालीच बसल्या. गुडघा काय बोलला ते त्यांना ऐकू आलं नाही. एवढ्या वर्षांत त्यांना बायकांनी शिव्या दिल्या होत्या, एकीने तर अंगावर कुत्रं सोडलं होतं. पण असं मायेने कुणी फसवलं नव्हतं. आणि फसवायला शिकवलं कुणी? त्या पाकिटंच बघत आल्या होत्या. पाकीट रिकामं दिसलं की खूण, खूण झाली की शाबासकी.

"चल, कपडे घे. मोठ्या दवाखान्यात जायचंय. आत्ता."

"कुणाला विचारून?" मागच्या दारातून आवाज आला. सासू. हातात झाडू, कपाळावर आठ्या. "अजून दिवस भरायचेत. आणि माझी पाच बाळंतपणं याच खोलीत झाली. दवाखान्याचं तोंड बघितलं नाही मी."

"मावशी, हिच्या अंगात रक्त नाही. बाळंतपणात थोडं जरी जास्त गेलं ना, तर हातात काही राहणार नाही."

"तुमचं नेहमीचंच भेडसावणं. तुमच्या गोळ्या मीच बंद केल्या, लपवत नाही. गोळ्यांनी मूल वाढतं मापाबाहेर. माझी धाकटी बहीण अडली होती. दोन दिवस ओरडत होती. शेवटी..." म्हातारीने झाडू भिंतीला लावला. "मूल मोठं होतं, म्हणाले."

आता खरं तर वही काढायची वेळ होती. पान तेवीस, 'गैरसमज आणि खरं काय'. ताईंनी पिशवीकडे पाहिलं आणि त्यांना त्या बिननाकाच्या बाळाचा विलक्षण कंटाळा आला.

"घरात आरसा आहे का?"

"आँ?"

"आरसा हो मावशी. तोंड बघायचा."

गवंड्याचा दाढीचा आरसा खिळ्याला टांगलेला होता. ताईंनी तो काढला, दारातल्या उजेडात धरला आणि आधी स्वतःची पापणी खाली ओढली. फिकट गुलाबी. "ही मी. बरी आहे, फार नाही. आता तुम्ही या."

"मला काय झालंय?"

"या तर खरं."

कुरकुरत म्हातारी वाकली. पापणीत लालचुटुक रेघ. "घ्या! तुमचं रक्त माझ्यापेक्षा झकास आहे. अजून वीस वर्षं सुनेला बोलाल तुम्ही." म्हातारीच्या ओठांचा कोपरा हलला, पण ती हसली नाही.

"आता ही."

तीन बायकांची तोंडं त्या वीतभर आरशात मावत नव्हती. ताई बाजूला झाल्या. सासूने स्वतःच्या हाताने सुनेची पापणी ओढली, आरशात पाहिलं, मग आरसा सोडून थेट डोळ्यात पाहिलं. मग दुसरा डोळा ओढला, पहिल्यात काही चूक असेल म्हणून.

"माझ्या बहिणीच्या वेळेला हे कुणी बघितलं नाही," ती म्हणाली. आणि आत जाऊन सुनेचे कपडे गाठोड्यात बांधायला लागली.

दवाखान्याची गाडी दुसरीकडे गेली होती, यायला तीन तास लागतील असं फोनवर कळलं. मग भट्टीवरचा विटांचा टेम्पो ताईंनी रस्त्यात आडव्या उभ्या राहून थांबवला. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, आधी सांगितलं असतं तर झाडून घेतला असता." ताई म्हणाल्या, "हळू चालव, तेच झाडलं समजेन." पोरगी पुढे बसली. सासू आणि ताई मागे, विटांवर. वाटेत एका खड्ड्यात म्हातारीने ताईंचं मनगट धरलं, ते पोचेपर्यंत सोडलं नाही.

दवाखान्यात बोट टोचलं. रक्ताचा आकडा आला सहा. अकरा तरी हवा होता. सिस्टर ताईंच्या जुन्या ओळखीची, त्यांच्याच इतकी दमलेली. तिने कार्ड उलटंसुलटं केलं.

"अहो ताई, इथे तर सगळ्या खुणा आहेत. सहा महिने गोळ्या घेऊन सहा? मग दुसराच काही आजार दिसतोय. डॉक्टरांना सांगते, सगळ्या तपासण्या कराव्या लागतील."

समोरच्या भिंतीवर तक्ता होता. प्रत्येक वस्तीचं नाव आणि पुढे गोळ्यांचा हिशेब. ताईंची वस्ती सगळ्यांत वर. शंभर टक्के. त्या अक्षरांना कुणीतरी हिरव्या स्केचपेनने फुलं काढली होती. गप्प बसलं असतं तर फुलं तशीच राहिली असती. पण मग डॉक्टर नसलेला आजार शोधत बसले असते, आणि तिकडे पोरीला धाप लागत होती.

"तिने गोळ्या घेतल्या नाहीत," ताई म्हणाल्या.

"मग या खुणा?"

"मी पाकिटं बघितली. गोळ्या नाही बघितल्या."

सिस्टरने मान वर केली. "असंच लिहू?"

"असंच लिहा."

सिस्टरने लिहिलं. तिचं लिहून होईपर्यंत ताई स्वतःच्या भेगाळलेल्या हातांकडे पाहत उभ्या राहिल्या.

दोन बाटल्या रक्त चढलं. बाराव्या दिवशी मुलगी झाली. लहानशी, चिमुकल्या मुठींची, पण आवाज असा की वॉर्डातल्या सगळ्या म्हणाल्या, ही आजीवर गेली. रक्त गेलंच, पण तोवर जायला अंगात काही होतं. सासू घरी येताना टेम्पोत पुढे बसली, नातीला घेऊन, आणि ड्रायव्हरला म्हणाली, "हळू. झाडलास का आधी?"

सगळं चांगलं झालं. वस्तीत ताईंचं कौतुकही झालं. तक्ता मात्र भिंतीवरून निघाला, आणि पुढच्या बैठकीत वरच्या साहेबांनी ताईंना सगळ्यांसमोर विचारलं, "बावीस वर्षांत अशा किती खुणा केल्यात?" घरी येऊन त्यांनी जुनी कार्डं काढली, थप्पीच्या थप्पी. बरोबर, बरोबर, बरोबर. आपल्याच हातची खूण. कुठली खरी, कुठली मायेची, कळायला काही मार्ग नव्हता. जगल्या होत्या बहुतेक जणी. सगळ्या नाही. ज्या जगल्या नाहीत त्यांची कार्डं त्यांनी वेगळी काढली, थोडा वेळ हातात धरली आणि परत ठेवून दिली.

दहा दिवसांची फेरी पुन्हा आली. पहिलं घर शिंपिणीचं. तिच्या थोरल्या सुनेला पाचवा महिना. ताईंनी अंगणात हात धुतले, वीसपर्यंत मोजले, नखं घासली. सून हसतमुखाने बाहेर आली. हातात पाकीट. रिकामं. दहाच्या दहा.

"हे बघा ताई!"

ताईंनी पाकीट घेतलं नाही. त्या पायरीवर बसल्या, बेताने, उजवा पाय लांब करून.

"छान आहे. पण मी आता पाकिटं बघत नाही. पाणी आण, माझ्यासमोर एक गोळी घे. दोन गप्पा मारू, मग मी जाते." आणि तिचा चेहरा बघून त्या हळूच म्हणाल्या, "आणि आधीच्या घेतल्या नसल्या तर नसल्या. सांग. मी रागावणार नाही, माझं तोंडही एवढंसं होणार नाही."

आत शिंपिणीचं शिवणयंत्र थांबलं. ताईंनी ओले हात मांडीवर ठेवले आणि वाट बघितली. घाई नव्हती. पुढे अजून नऊ घरं होती.

मग सून आत गेली. फळीवरची भांडी सरकल्याचा आवाज आला आणि त्यामागून, पत्र्याच्या डब्यात काहीतरी बारीक बारीक खुळखुळल्याचा.