मटक्याची उंची

दुर्गाबाईची कंबर धरली त्याला दोन वर्षं होऊन गेली होती, पण कंबर धरली म्हणून काम थोडंच थांबतं! अमरावतीच्या फ्रेजरपुऱ्यापासून पार बार्शीटाकळीपर्यंत कुठेही मटणाची पंगत असली की लांब रोट्यांसाठी तिला आणि सुंदराबाईला बोलावणं यायचं. तीस वर्षांची जोडी. सैल कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झुलवत दुर्गाबाई तो कोपरापर्यंत लांबवायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मटक्यावर अंथरायची. खाली बसलेली सुंदराबाई जाळ घालायची आणि भाजलेली रोटी उचलायची. सुंदराबाईचे गुडघे एका अपघातात कायमचे गेलेले, तिला फार वेळ उभं राहता यायचं नाही. म्हणून चूल जमिनीवर, आणि दुर्गाबाई वाकलेली. चारशे रोट्यांची पंगत म्हणजे चारशे वेळा वाकणं.

मलम झालं, पट्टा झाला, कुणीतरी सांगितलेला कडू काढाही पिऊन झाला. शेवटी दवाखान्यात फिजिओथेरपी करणाऱ्या प्रियदर्शनीने तिला सकाळी कॅम्पातल्या बागेत बोलावलं. तिथे ती 'ताई ची' नावाचा चिनी व्यायाम शिकवायची. दुर्गाबाईला पहिल्या दिवशी हसूच फुटलं. रिटायर झालेले मास्तर आणि बँकेतल्या बाया रांगेने उभ्या राहून असे सावकाश हात फिरवत होते, की यांना घरी काही कामंच नाहीत असं वाटावं.

"मावशी, पाठ ताठ ठेवा, गुडघे सैल सोडा. सगळा भार पायात जाऊ द्या."

"पायात काय कमी भार हाये बाप्पा?" दुर्गाबाई म्हणायची, पण सोडायची.

हात मात्र तिचे पहिल्या दिवसापासून बरोबर फिरले. एक वर, एक खाली, मधे न दिसणारा गोळा. ही तर रोटीच, फक्त आळशी माणसाने केलेली. महिनाभरात कळ बरीच कमी झाली आणि तिला पुन्हा कुशीवर वळता येऊ लागलं. तेवढ्यानेच तिचे डोळे भरून आले.

मग तिने शहाणपणा केला. अकोल्याच्या एका पंगतीत तिने बागेतल्यासारखं ताठ उभं राहून, सावकाश रोटी करून पाहिली. सैल कणीक सावकाशीला दाद देत नाही. पहिली रोटी मधोमध फाटली. दुसरी फाटली नाही, पण पाठ ताठ ठेवली तर हात मटक्यापर्यंत पोचेनात. तिसरीला ती मुकाट्याने वाकली, आणि कंबरेची महिन्याभराची कमाई त्या एका दुपारी गेली. भरीस भर म्हणजे सुंदराबाईने त्या दिवशी सहा रोट्या करपवल्या. हल्ली तिचं असं होत होतं.

"ध्यान कुठी राह्यते वं तुयं?" दुर्गाबाई सगळ्यांसमोर कडाडली.  सुंदराबाईने करपलेल्या रोट्या पदराखाली सारल्या.

हे सगळं केटरर अनुपने पाहिलं होतं. त्याने दुर्गाबाईला बाजूला घेतलं. "मावशी, माह्याकडं कंबरेएवढी गॅसची भट्टी आली. उभ्यानं करा आरामात. जाळ घालाले कोणी लागत नाई."

कोणी म्हणजे कोण, हे त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. तिने आठ दिवस मागून घेतले. आठही दिवस तिचं कशात मन लागलं नाही. भट्टी घेतली तर कंबर वाचत होती आणि सुंदराबाई बसत होती घरी. नाही घेतली तर कंबर संपत होती.

सहाव्या दिवशी सुंदराबाई ऑटो करून बागेत आली. तासभर बाकावर बसून पाहत राहिली.

"हवा पुसून राहिली काय वं?" ती म्हणाली. मग जवळ येऊन तिने हातातली काठी दुर्गाबाईच्या कमरेला लावली, अंगठ्याने काठीवर खूण धरली आणि तशीच निघून गेली.

आठव्या दिवशी दुर्गाबाई बडनेऱ्याला सुंदराबाईच्या घरी गेली. काय बोलायचं ते तिने वाटेत चार वेळा घोकलं होतं. अंगणात चूल पेटलेली होती, मटका तापलेला, परातीत कणीक तयार. आणि चुलीला लागून मांडीएवढा खड्डा. बाजूला खणायची सब्बल पडलेली. सुंदराबाईचं लुगडं काळ्या मातीने माखलं होतं.

"दोन दिस लागले. बसून खांदला," ती म्हणाली. "अनुपचं मले मालूम हाये. जाशीन त जा. पन पयले उतरून त पाह्य."

दुर्गाबाई उतरली. मटका बरोबर कमरेशी आला. तिने गुडघे सैल सोडले, भार पायात जाऊ दिला आणि गोळा उचलला. हात नेहमीसारखे झपझप फिरले, पाठ ताठच राहिली. रोटी मटक्यावर नीट बसली. कंबरेने हूं की चूं केलं नाही.

तिने समोर पाहिलं. तीस वर्षांत काम करताना तिला सुंदराबाईचं फक्त डोकं दिसायचं. आज तोंड समोरासमोर होतं. आणि सुंदराबाईचा डावा डोळा पांढरा पडलेला होता.

"बाई, हे कधीपासून?"

"दिवाळीच्या आंधीपासून. डाव्या अंगाची रोटी दिसतच नाई मले."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"तू रोज कंबर धरून बसे. त्याच्यात मी माह्यं काय सांगू?"

दुर्गाबाईला पदराखाली सारलेल्या त्या सहा रोट्या आठवल्या. तिला स्वतःची लाज वाटली. वाटेत घोकलेलं सगळं तिने गिळून टाकलं.

"उद्या डोयाच्या दवाखान्यात जाऊ," ती म्हणाली. "अन् फरशीवाल्या लॉनची कामं नाई घ्यायची. माती असंन, खड्डा खांदता येईन, तठीच जाऊ."

"कामं कमी होतीन."

"होऊ दे. थकलो न आपुन."

सुंदराबाईच्या डाव्या अंगाला रोटीवर डाग पडू लागले होते. सुंदराबाई तिच्याकडे तोंड करून, हात पुढे धरून थांबली होती.

"आता," दुर्गाबाई म्हणाली, आणि सुंदराबाईने रोटी उचलली.